भेटीची पितळी भांडी आणि न सांगितलेली कल्हई

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळी आणि लग्नसराईच्या तोंडावर दुकानांत नि जाहिरातींत ‘आजीच्या स्वयंपाकघरातली’ भांडी पुन्हा दिसू लागतात. मठारलेले, म्हणजे हातोडीने ठोकून ठसे उठवलेले पितळी पातेले, तांब्याची बाटली, पितळी मिसळणाचा डबा, काशाची वाटी, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तवा, निळ्या काठाचे इनॅमलचे मग. साठ-सत्तर वर्षांपूर्वी स्टील आले आणि याच भांड्यांना मोडीचा रस्ता दाखवला गेला. आता तीच पुठ्ठ्याच्या देखण्या खोक्यात, मखमलीवर निजून, भेटवस्तू म्हणून परत आली आहेत. त्यात वाईट काही नाही. तक्रार एवढीच, की खोक्यात भांडे असते, त्याची माहिती नसते. आणि ही भांडी माहितीशिवाय वापरायची नाहीत.

सर्वांत महत्त्वाची राहून जाणारी गोष्ट म्हणजे कल्हई, भांड्याला आतून दिलेला कथलाचा (टिनचा) पातळ थर. बाजारात भेट म्हणून मिळणारी पितळेची कितीतरी पातेली, कढया आणि वाडगी आतून पिवळीधमक असतात, म्हणजेच बिनकल्हईची. फोटोत ती उठून दिसतात. कल्हई केलेले भांडे आतून पांढुरके, फडक्याचे फराटे उमटलेले दिसते. गिऱ्हाइकाला ते ‘स्टीलसारखे’ वाटते म्हणून दुकानदार ते पुढे करत नाही. पण ज्या आजीचे नाव सांगून हे विकले जाते, तिने असल्या पातेल्यात आमटी केली नसती. ताक ओतलेच, तर ते ‘कळकले’ म्हणून गटारात गेले असते. कळकणे हे क्रियापद मराठीत उगीच आलेले नाही.

कळकते म्हणजे काय होते? पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, साधारण ६० ते ७० टक्के तांबे आणि उरलेले जस्त. चिंच, कोकम, टोमॅटो, लिंबू, दही, ताक यांतली आम्ले हवेच्या संगतीने तांबे विरघळवतात आणि त्याचे क्षार अन्नात उतरतात. चव तुरट-धातूसारखी होते, पदार्थाला हिरवट झाक येते, आणि प्रमाण जास्त झाले तर मळमळ, उलटी, पोटात मुरडा. नुसते आंबटच नाही, तूपतेलही बाधते. तुपातली मोकळी मेदाम्ले तांब्याशी जुळून हिरवा थर धरतात. म्हणून भेट म्हणून मिरवणारी पितळी तुपाची तामली बिनकल्हईची असेल, तर ती पंगतीत वाढण्यापुरती वापरावी, तूप साठवायला नाही. मिठाचे तेच. पितळी मिसळणाच्या डब्यात मोहरी, जिरे, मेथ्या, धने खुशाल ठेवा, पण त्या सात वाट्यांतली एकही मिठाला किंवा आमचुराला देऊ नका. पावसाळ्यात दमट हवेने ती वाटी तळाशी हिरवी धरते, मग हळदीची वाटीही संशयात येते.

हे कायद्यालाही ठाऊक आहे. नीट कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातले अन्न खाण्यास अयोग्य समजावे, अशी तरतूद १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत होती, आणि २०११ च्या अन्नसुरक्षा नियमावलीतही ती तशीच आली. त्याच यादीत गंजलेली भांडी आणि टवके उडून गंजलेली इनॅमलची भांडीही होती. हे नियम अन्नाचा धंदा करणाऱ्यांसाठी. हलवायाला जे भांडे चालत नाही, तेच रिबीन बांधून नव्या संसाराला देताना मात्र कुणी काही विचारत नाही.

आता कल्हईकडे. कथील सौम्य आम्लांना दाद देत नाही आणि शरीराला फारसे बाधत नाही. कल्हईवाल्याचे काम आता बघायला मिळणे दुर्मीळ झाले आहे, म्हणून थोडे बारकाईने सांगतो. आधी भांडे आतून निर्मळ करायचे. जुनी कल्हई, तेलाचा चिकटा, काळे-हिरवे डाग, सगळे वाळूने किंवा विटकरीच्या भुकटीने आणि चिंचेच्या पाण्याने किंवा सौम्य तेजाबाने काढायचे. हीच पायरी उरकली जाते आणि पुढचा सगळा बिघाड इथूनच सुरू होतो. मग भात्यावर फुललेल्या कोळशावर भांडे सांडशीत धरून सगळीकडून सारखे तापवायचे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे भांडे त्याच्या थोडे वर गेले की पुरे. लाल होईपर्यंत तापवणे म्हणजे पितळ करपवणे. तापलेल्या अंगावर नवसागराची (अमोनियम क्लोराइडची) चिमूट टाकली की पांढरा धूर उठतो. त्या क्षणी नवसागर धातूवरचा ऑक्साइडचा पापुद्रा खाऊन टाकतो आणि पृष्ठभाग कथलाला धरण्याजोगा होतो. लगेच कथलाची कांडी टेकवायची, ती पाघळते, आणि कापसाच्या बोळ्याने किंवा फडक्याने तो रस तळापासून काठापर्यंत फिरवून घ्यायचा. हात थांबला की तिथे थेंब गोठतो. शेवटी भांडे पाण्यात बुडवले की चर्रर आवाज येतो आणि आतले अंग चांदीसारखे उजळते.

कथील किती लागते? २० सेंमी व्यासाचे, १२ सेंमी उंचीचे पातेले घ्या. आतल्या अंगाला २५ मायक्रॉनचा थर धरला, तर हिशेबाने सुमारे २० ग्रॅम. एवढ्याशा धातूवर सगळे अवलंबून असते, आणि फसवणूकही तिथेच होते. कथील तांब्यापेक्षा महाग, शिसे त्या मानाने कवडीमोल. शिसे मिसळलेले कथील आणखी कमी उष्णतेला, १८३ अंशांपासून, पाघळू लागते. कारागिराला ते सोपे जाते, दिसतेही चकचकीत. पण शिसे अन्नात उतरते आणि मुलांच्या मेंदूला ते सर्वांत घातक. कल्हई करून घेताना कांडी हातात मागून घ्यावी. शुद्ध कथलाची कांडी वाकवली की कुरकुरते. हा आवाज एकदा ऐकलेला कान विसरत नाही. शिशाची भेसळ जास्त असेल, तर कांडी मुकाट वाकते आणि पांढऱ्या कागदावर ओढली की पेन्सिलीसारखी राखाडी रेघ उठते. कल्हई झालेल्या भांड्यातही पांढरे सुती फडके कोरडे घासून पाहावे. करडा काळपटपणा फडक्यावर भरपूर उतरत राहिला तर ते भांडे परत द्यावे.

आणखी एक गंमत अलीकडे दिसते. कल्हई म्हणून आत निकेलचा विजेने चढवलेला मुलामा. तो आरशासारखा गुळगुळीत असतो, फडक्याचे फराटे नसतात, थोडी पिवळसर झाक असते. दिसायला सुबक, पण ती कल्हई नव्हे, आणि ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी आंबट पदार्थाला मुळीच योग्य नव्हे. दुकानदाराने ‘फॅक्टरी कल्हई’ म्हटले की नेमका धातू कोणता, एवढे विचारावे.

कल्हईचे भांडे मिळालेला माणूस पहिल्याच आठवड्यात ते घालवतो, याचेही कारण माहितीचा अभाव. फोडणीसाठी पातेले रिकामे तापत ठेवले आणि फोन आला, की काम आटोपले. रिकाम्या भांड्याचा तळ दोन-तीन मिनिटांत २३२ अंशांच्या वर जातो, कथील सुटते आणि मण्यांसारखे एका बाजूला गोळा होते. म्हणून आधी तेल, मग आच, आणि आच मध्यम. तळणीच्या कढईला कल्हईचा भरवसा धरू नये, तळणाला बीड किंवा लोखंडच बरे. ढवळायला लाकडी डाव. स्टीलचे उलथने म्हणजे प्रत्येक वेळी थोडी कल्हई पोटात. घासायला मऊ कापड आणि साबण. तारेची घासणी, चिंच-मीठ, भांडी उजळायची पावडर हे सगळे फक्त बाहेरून. आतून नाही म्हणजे नाही. कल्हई काळसर झाली तर घाबरायचे नाही, ते कथलाचे ऑक्साइड आहे, निरुपद्रवी. पिवळा किंवा तांबूस रंग डोकावला मात्र पितळ उघडे पडले, म्हणीतले नव्हे, खरेखुरे. असा डाग बंद्या रुपयाएवढा झाला की नवी कल्हई. रोजच्या वापरात ती सहा महिने ते वर्षभर टिकते. सणासुदीलाच काढल्या जाणाऱ्या भांड्याला वर्षे जातात.

आता भेट घेणाराच्या शेगडीचा विचार. इंडक्शनवर तांबे, पितळ, कासे यांपैकी एकही तापत नाही. नव्या इमारतींतल्या स्वयंपाकघरांत आणि परदेशी गेलेल्या मुलांच्या घरांत इंडक्शन असण्याची शक्यता मोठी. अडीच किलोचे पितळी पातेले बॅगेत घालून न्यूजर्सीला नेले आणि तिथे ते टीव्हीशेजारी कुंडी म्हणून बसले, तर दोष पातेल्याचा नाही. बीड आणि इनॅमल इंडक्शनवर चालतात, त्यांचा विचार तिथे करावा. भांडी धुण्याच्या यंत्रात मात्र तांबे, पितळ, कासे, बीड यांतले काहीच घालू नये. त्या पावडरीतला तीव्र अल्कली पितळ काळे करतो, कल्हई मारतो आणि तव्याचा तेलकट थर साफ धुऊन काढतो.

मुलाम्याच्या नकलांबद्दल. पहिली परीक्षा लोहचुंबक. तांबे, पितळ, कासे यांना तो चिकटत नाही, चिकटला तर आत लोखंड. पण चिकटला नाही म्हणून माल खरा ठरत नाही, कारण ३०४ जातीच्या स्टीललाही चुंबक फारसा धरत नाही, ॲल्युमिनियमला तर नाहीच. लिंबू-मिठाची परीक्षाही अपुरी. ती वरचा थर तांब्याचा आहे एवढेच सांगते. तळाच्या कडेला बारीक कानशीचा एक घास मारून आतला रंग पाहणे हा खरा उपाय, पण नव्या मालाला दुकानदार ते करू देत नाही. मग आर्किमिडीजची रीत, म्हणजे सांडलेल्या पाण्यावरून घनता ताडणे. पितळेची घनता घनसेंटीमीटरला साधारण ८.५ ग्रॅम, बिडाची ७.२, जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची ६.७ च्या आसपास, ॲल्युमिनियमची २.७. पितळी म्हणून घेतलेला खलबत्ता समजा १,७०० ग्रॅम भरला. काठोकाठ भरलेल्या बादलीत तो दोरीने हळूच सोडायचा, खल उताणा ठेवायचा म्हणजे आत हवा अडकत नाही, आणि सांडलेले पाणी परातीत धरून मोजायचे. २०० मिली सांडले तर पितळ. २३५ च्या आसपास सांडले तर बिडावर पिवळा मुलामा. २५० च्या वर गेले तर जस्ताचा ओतीव माल, जो वाटण करता करता कण सोडतो. पाच-दहा मिलीचा फरक हाताच्या चुकीचा समजावा, तीस-चाळीसचा नाही.

खलबत्त्यावरून एक. यंत्रावर कापायला सोपे जावे म्हणून पितळेत एक ते तीन टक्के शिसे घालण्याची पद्धत आहे, नळाच्या तोट्या, स्क्रू वगैरे त्याच पितळेचे असतात. मोडीतले असे पितळ वितळवून ओतीव भांडी केली की शिसे त्यातही येते. पत्र्यापासून ठोकून, मठारून केलेल्या भांड्यांत ही भीती कमी, कारण शिसेवाला पत्रा ठोकताना फाटतो. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी, नाशिक, भंडारा इथले ठोकीव काम आणि स्वस्त ओतीव माल यांच्या किमतीत जो फरक दिसतो, त्यातला काही भाग हा आहे. पंजाबातल्या जंडियाला गुरू इथल्या ठठेऱ्यांच्या तांब्या-पितळेच्या कारागिरीला २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले, तीही ठोकीव कामाचीच परंपरा. मठारकाम हातचे की साच्यातले, हे ओळखायला बोट पुरते. हातच्या हातोडीचे ठसे जवळून पाहिले तर एकसारखे नसतात, ओळी किंचित सरकतात, आणि भांड्याच्या आतूनही त्यांची लहर जाणवते. साच्यातल्या नक्षीत तोच ठसा काही अंतरावर हुबेहूब परत येतो.

तांब्याच्या बाटलीइतकी भेट म्हणून दुसरी कुठलीही वस्तू जात नसेल. खरे तर आपल्याकडे फिरकीचा तांब्या होताच, प्रवासात झाकण फिरवून घट्ट करायचा. बाटलीला त्यापेक्षा एकच गोष्ट कमी आहे, तिच्या आत हात जात नाही. रात्री भरलेले साधे पाणी सकाळी प्यायला हरकत नाही. पिण्याच्या पाण्यात तांब्याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला २ मिलिग्रॅम धरली आहे, भारतीय मानकात मुभेची मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. साधे पाणी रात्रभर राहिल्याने सहसा ही मर्यादा ओलांडली जात नाही. पण त्याच बाटलीत लिंबूसरबत, कोकम, ताक किंवा मुलांची चवीची पावडर गेली की गणित बदलते. पाणी तीन-चार दिवस तसेच राहू देणेही बरे नाही. आतून धुवायला अर्धे लिंबू पिळून, चमचाभर मीठ आणि थोडे कोमट पाणी घालून दोन मिनिटे खळखळवायचे आणि भरपूर पाण्याने तीन-चार वेळा विसळायचे, नाहीतर लिंबाचा अंश आत राहून उलटा परिणाम होतो. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. रोज घासणारे रोज थोडे तांबे झिजवतात.

बाटली, तांब्या, पेले यांवर बाहेरून पारदर्शक लॅकर मारलेले असते, त्यामुळे ते महिनोन्महिने काळे पडत नाहीत. ‘ऑक्सिडाइज न होणारे तांबे’ म्हणून विकतात ते हेच. असे तांबे निसर्गात नाही. ओळखायचे असेल तर एखाद्या आडबाजूला लिंबाची फोड घासा. काही सेकंदांत तिथे गुलाबी उजळपणा आला नाही तर लॅकर आहे. बाहेरून असेल तर बिघडत नाही, पण ते चरे पडून सुटू लागले की फटींतून काळ्या रेघा आत सरकतात आणि भांडे महारोग झाल्यासारखे दिसते. मग कितीही चिंच लावा, उपयोग नाही, कारण चिंच लॅकरच्या वर आणि काळेपणा खाली. नेलपॉलिश काढायचे ॲसिटोन फडक्यावर घेऊन पुसले तर लॅकर निघते. मोठे भांडे लिटरला दोन चमचे धुण्याचा सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवले की पापुद्रा सुटतो. पेल्याच्या आत लॅकर असल्याची शंका आली तर तो पेला देव्हाऱ्यातल्या फुलांना द्यावा.

काशाची भांडी हा वेगळा मामला. कासे म्हणजे सुमारे ७८ टक्के तांबे आणि २२ टक्के कथील. जस्त नसल्याने ते आंबटाला पितळेपेक्षा बरे तोंड देते, जेवायच्या ताट-वाटीला कल्हई लागत नाही. ताकाची वाटी जेवणापुरती चालेल, रात्रभर नको. खरे कासे टिचकी मारल्यावर घंटेसारखे लांब वाजते, पितळ ठण् करून गप्प बसते. त्याचीच दुसरी बाजू अशी की कासे ठिसूळ असते. ताट फरशीवर पडले तर पोचा येत नाही, सरळ तडकते.  आणि तळपायाला घासायच्या काशाच्या वाटीबद्दल, जी हल्ली पेटीत तुपाच्या कुपीसह मिळते: घासल्यावर तळवा काळा होतो तो अंगातली उष्णता बाहेर पडल्याने नव्हे, तूप-तेलात मिसळलेल्या धातूच्या सूक्ष्म कणांमुळे. चोळल्याने झोप छान लागते हे खरे. त्यासाठी कारण खोटे सांगायची गरज नाही.

बिडाचा तवा, आप्पेपात्र ही यांतली सर्वांत बिनतक्रारी भेट, फक्त पहिला दिवस नीट गेला पाहिजे. नवा तवा गरम पाण्याने, साबणाने धुऊन लगेच मंद आचेवर कोरडा करायचा. मग तेलाचे चार थेंब घेऊन सगळीकडे चोळायचे आणि कोरड्या फडक्याने इतके पुसायचे की तेल लावलेच नाही असे वाटावे. धूर येईपर्यंत तापवायचे, निवू द्यायचे, आणि हे तीन-चार वेळा. तेल जास्त राहिले की त्याची चिकट लाख होते आणि पहिला डोसा तिथेच अडकतो. ‘तवा खराब लागला’ अशा बहुतेक तक्रारींचे मूळ हे तेल आहे. पहिल्या आठवड्यात घावन, धिरडी, भाकरी करा, टोमॅटोची चटणी नको. तापलेल्या तव्यावर थंड पाणी ओतू नये, बिडाला तडा जातो आणि त्याला डागडुजी नाही.

इनॅमलच्या मग-थाळ्यांचे थोडक्यात. पोलादी पत्र्यावर काचेचा थर, ८०० अंशांच्या आसपास भाजलेला. टवका उडेपर्यंत उत्तम, आंबट-खारट सगळे चालते. आतून टवका उडाला की त्याचा पेनस्टँड करावा. जुन्या बाजारातून घेतलेल्या लाल, केशरी, गडद पिवळ्या इनॅमलच्या रंगांत कॅडमियम असू शकते. आतले अंग पांढरे असलेलीच भांडी खाण्यापिण्याला घ्यावीत. चिनी मातीच्या लोणच्याच्या बरणीलाही हाच नियम, आत रंगीत चकाकी नको. बरणी पाण्याने भरून रात्रभर कोऱ्या कागदावर ठेवा. सकाळी कागद ओला असेल तर तिच्यात तेलमीठ झिरपत राहणार.

नव्याऐवजी घरातले जुने भांडे उजळून भेट देण्याची चांगली चाल पुन्हा रुजू पाहते आहे. माळ्यावरून पातेले काढले की आधी ते उन्हात धरून आतून सांध्यांवर नजर फिरवा. जुन्या भांड्यांना जागोजागी डाख दिलेला असतो, आणि तो बहुधा शिसे-कथलाचा. राखाडी, मऊ, नखाने ओरखडा उठणारा ठिपका म्हणजे डाख. तो आतल्या बाजूला असेल तर त्या भांड्यात शिजवू नये, वरून कल्हई केली तरी नको. पाणी तापवायचा बंब, घंगाळ, हंडा यांना हे लागू नाही, ते झाडे लावायला किंवा दिवे ठेवायला घेण्यात काहीच गैर नाही. फक्त घंगाळात थेट माती भरू नका. खत-मातीतले क्षार आणि ओल वर्षभरात तळ खातात. आत प्लॅस्टिकची कुंडी ठेवा.

दुकानदारांकडे आणि ऑनलाइन विकणाऱ्यांकडे आमचे मागणे फार मोठे नाही. प्रत्येक भांड्यासोबत तळहाताएवढी मराठी चिठ्ठी असावी: धातू कोणता आणि वजन किती, आत कल्हई आहे की नाही आणि असल्यास कशाची, काय ठेवू नये, कोणत्या शेगडीवर चालते. भांडे शोभेचे असेल तर ‘शोभेचे’ असे ठळक छापावे. अन्न व औषध प्रशासनाने सणापूर्वी मिठाईची दुकाने तपासावीत तशी या भांड्यांच्या मुलाम्याचीही दोन-चार नमुन्यांपुरती तपासणी करावी, शिशाची चाचणी प्रयोगशाळेत होऊ शकते. आणि जी दुकाने भांडे विकतात त्यांनीच वर्षातून एकदा कल्हईवाला बसवावा. गिऱ्हाईक परत दुकानात येईल, आणि ज्या मोजक्या घरांत हे काम अजून चालते त्यांना दिवाळीपुरता तरी हातभार लागेल.

भांड्यावर नाव घालून द्यायचे असल्यास क्रम चुकवू नका. नाव आधी, कल्हई नंतर. कल्हई झाल्यावर छिन्नीने ठोकून नाव घातले की आतल्या बाजूला त्याच अक्षरांच्या रेषेत कथील तडकते, आणि पहिल्याच आमटीत सासरच्या आडनावाला हिरवा रंग चढतो.

आपला,
तांब्या-पितळेच्या व्यवहारातला एक वाचक, पुणे